अर्धा हिरवा घोडा

खोली भाड्याने देताना घरमालक काय काय विचारतात, हे सिंगापूरला आल्यावर दोन आठवड्यांत मला पाठ झालं होतं. स्वयंपाक किती करणार, पाहुणे किती येणार, कामाचा पास किती वर्षांचा आहे. या घराच्या मालकांनी, म्हणजे काकांनी, दार अर्धवट उघडून पहिलाच प्रश्न टाकला, "स्वच्छतेची आवड आहे का?"

मी अर्थातच हो म्हणालो. मराठी घरमालक मिळतोय म्हणून मी मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो.

"मग जमणार नाही," असं म्हणून ते दार लावायला लागले.

"म्हणजे तशी फार नाही," मी घाईघाईने म्हणालो. "माझी खोली बघून आई उकिरडा म्हणते."

"फडकं घेऊन वस्तू पुसायची सवय?"

"आयुष्यात पुसलेली नाही."

"ये आत."

बुओना व्हिस्टाच्या एका जुन्या ब्लॉकमध्ये अकराव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. माझं संशोधनाचं ऑफिस तिथून दहा मिनिटांवर. धातू कसे गंजतात हा माझा विषय, हे ऐकल्यावर त्यांनी भुवया वर केल्या आणि भाडं थोडं कमी सांगितलं. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

आत पाऊल टाकलं आणि चाळीसेक बदकं माझ्याकडे बघत होती. लाकडाची, रंग उडालेली, कुणाची चोच मोडलेली. अमेरिकेतले शिकारी असली बदकं कोरून तळ्यात सोडायचे, म्हणजे वरून उडणाऱ्या खऱ्या बदकांना वाटायचं की खाली आपलीच मंडळी बसली आहेत, आणि ती उतरायची. भिंतीवर ठिगळांच्या गोधड्या टांगलेल्या होत्या. दातांच्या डॉक्टरच्या दारावर लावायचा उशीएवढा लाकडी दात होता. वारा आला की करवत चालवणारा एक लाकडी माणूस काकांनी बाहेर कॉरिडॉरमध्ये बसवला होता. त्याच्या करकरीने शेजारची चिनी आंटी वैतागायची. "अंकल, युवर आंग मो मॅन व्हेरी नॉइझी लाह!" आंग मो म्हणजे गोरा. काका तिला म्हणायचे, "ही इज वर्किंग, ना." आणि तांब्याचे वाऱ्याची दिशा दाखवणारे कोंबडे होते, कोठारांच्या छपरावर बसवतात तसले. शाळेच्या भूगोलात 'वातकुक्कुट' हा शब्द मी घोकून पाठ केला होता. तो पक्षी प्रत्यक्ष भेटला तो इथे, विषुववृत्तावर, एका मराठी माणसाच्या हॉलमध्ये.

काका तरुणपणी बोटीवर इंजिनियर होते. पुढे हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत नोकरी, आणि मी भेटलो तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. एवढ्या उकाड्यात ते पूर्ण बाह्यांचा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून घालत. गळ्यात दोरीला एक छोटा टॉर्च असे. वस्तू उचलायची झाली तर पांढरे सुती हातमोजे चढवत. हॉलमध्ये हवेतला दमटपणा ओढून घेणारं यंत्र दिवसरात्र घुरघुरत असायचं. त्यात साचलेलं पाणी ते रोज सकाळी कुंड्यांना घालत. गुड मॉर्निंग वगैरे त्या घरात नव्हतं. मी दात घासत बाहेर आलो की ते दमटपणाचा आकडा सांगत.

"आज ब्याऐंशी."

"अरे बापरे," मी म्हणायचो. दुसरं काय म्हणणार?

"बाहेर. आत पंचावन्न."

"मग ठीक."

बस, एवढ्यावर आमचा दिवस सुरू होई. आता पुण्यात मी उठतो, तेव्हा कुणी आकडा सांगत नाही. पहिले काही महिने त्या आकड्यावाचून मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. अजूनही होतं.

घराचा नियम एकच. हात लावायचा नाही. पुसायचं नाही, झटकायचं नाही, धुळीवर फुंकरसुद्धा घालायची नाही. वस्तूवर जे साचलं आहे तेच तिचं वय, ते पुसलं की उरतं ते नुसतं लाकूड, असं त्यांचं म्हणणं. तांब्यावर पावसापाण्याने चढलेला हिरवा थर त्यांना सोन्याहून प्रिय होता. एकदा मी प्रौढी मिरवत म्हणालो, की असा शंभर वर्षांचा हिरवा थर मी मीठ, व्हिनेगर आणि अमोनियाची वाफ वापरून दहा दिवसांत चढवून दाखवीन. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू हुशार आहेस. पण पुन्हा हे बोलू नकोस."

बनावट माल ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. अमेरिकेतल्या लिलावांत ते संगणकासमोर बसून बोली लावत. एकदा असंच एक बदक आलं. तीन महिने त्याच्या मागे होते. खोका उघडला, टॉर्च मारला, आणि एका मिनिटात बदक परत खोक्यात. मला तर ते इतर बदकांहून जास्त जुनं वाटत होतं.

"तेच तर," ते म्हणाले. "सगळीकडे सारखं झिजवलंय. पॉलिशपेपर घासलाय कुणीतरी. माणसाचा हात सगळीकडे फिरत नाही रे. एकाच जागी जातो, पुन्हा पुन्हा. झीज जिथे असायला हवी तिथे आहे का, एवढंच बघायचं."

ते बदक आंटीकडे गेलं. तिने ते दाराला अडसर म्हणून लावलं आणि ती फार खूश झाली.

मराठी मंडळींच्या कार्यक्रमांत लोक त्यांना हटकून विचारत, की जमवायचंच होतं तर आपल्याकडचं काही जमवायचं, हे अमेरिकन भंगार कशाला? ते "चुकलंच" म्हणून मोकळे होत. मला मात्र त्यांनी एकदा खरं सांगितलं. बोटीवरचं त्यांचं दुसरंच वर्ष. बाल्टिमोरला बोट लागली आणि सहा तास किनाऱ्यावर जायला मिळाले. चालत चालत ते गावाबाहेर गेले. एका घराच्या अंगणात सामान मांडून ठेवलेलं. म्हातारा वारला होता आणि मुलं त्याच्या चीजवस्तू विकत होती. त्यात एक बदक होतं. काकांनी ते उचललं तर त्याच्या मानेशी एक खळगा लागला, धरून धरून झालेला.

"माझा अंगठा त्यात बरोब्बर बसला," ते म्हणाले. "सहा महिने मी कुणाच्या हाताला हात लावला नव्हता. मला एकदम रडायला आलं. अनोळखी अंगणात, बदक हातात धरून!"

एवढं बोलून ते उठले आणि यंत्रातलं पाणी बघायला गेले, जे त्यांनी पाचच मिनिटांपूर्वी ओतलं होतं.

प्रत्येक वस्तूला त्यांनी दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली होती. सुवाच्य अक्षरात, मराठीत वस्तूचं नाव, गाव, अंदाजे वय. शेवटची ओळ बहुतेक सगळ्यांना सारखी, 'करणारा: माहीत नाही.' प्रत्येकीचे चारी बाजूंनी फोटो काढून वहीत चिकटवले होते.

एका वस्तूला चिठ्ठी नव्हती आणि फोटोही नव्हता. जेवणाच्या टेबलावरच्या फळीवर एक तांब्याचा घोडा होता. हातभर लांब, पोकळ, उधळलेला. तोही कधीकाळी कुणाच्या छपरावर वारा दाखवत असणार. मागून तो सुंदर हिरवा होता आणि पुढून तपकिरी. मध्ये कुठेतरी एक वेडीवाकडी रेघ, जिथे हिरवं संपून तपकिरी सुरू होई. माझ्या धंद्यातल्या माणसाला कळायला वेळ लागला नाही. कुणीतरी तो घासायला घेतला होता आणि मध्येच सोडला होता. घासलेलं तांबं सिंगापूरच्या हवेत पुन्हा काळवंडलं होतं, पण ते हिरवं काही परत आलं नव्हतं.

मी विचारलं तेव्हा काका वर न बघता म्हणाले, "तो बाद आहे. त्याला किंमत नाही."

मी पुढे विचारलं नाही. दोन वर्षं मी त्या घोड्याखाली जेवलो.

काकूंबद्दल मला इतकंच ठाऊक होतं, की त्या होत्या आणि पुण्याला वारल्या. स्वयंपाकघरात देव्हारा होता, त्यात ताम्हन, पळी, घंटी, सगळं काळं पडलेलं. काका देवांनाही घासत नाहीत, म्हणून मी त्यांना चिडवायचो. ते हसायचे नाहीत.

तिसऱ्या वर्षी दिवाळीला माझी आई आली. मी तिला विमानतळावरून घरी येईपर्यंत मेट्रोत नियम समजावला. हात लावायचा नाही. ती म्हणाली, "मी काय लहान आहे?" आणि खरंच, आठ दिवस तिने ते सगळं डोळ्यांनी सोसलं. गोधड्या बघून म्हणाली, "टाके छान आहेत हो बाईचे." काकांना ते इतकं आवडलं, की त्यांनी हातमोजे घालून गोधडीची मागची बाजूही तिला दाखवली. मग दोघं तासभर टाक्यांवर बोलत बसली. काका तिला वहिनी म्हणायला लागले. त्या घरात इतकं मराठी बोलणं कितीतरी वर्षांत झालं नसेल.

घोडा मात्र तिच्या डोळ्यांत खुपत होता. "हा असा अर्धवट का रे?" तिने मला विचारलं.

आणि मी, गंजावर पीएच.डी. केलेला माणूस, म्हणालो, "तो बाद झालाय. त्याला काही किंमत नाही."

मंगळवारी काका हार्बरफ्रंटला जात. फेरी टर्मिनलच्या वर एका बाकावर बसून बोटी बघत आणि जेवायला परत येत. दिवाळीच्या आधीच्या मंगळवारी आईने लिटिल इंडियातून आणलेली चिंच भिजत घातली. देव्हाऱ्यातली भांडी तिने आदल्या दिवशी काकांना विचारून मागून घेतली होती. ताम्हन झालं, पळी झाली, घंटी झाली. मग तिला घोडा आठवला. बाद झालेल्या वस्तूला नियम कुठला, असा तिने सरळ विचार केला. कुणीतरी सुरू केलेलं काम सणाच्या दिवसांत अर्धवट राहू नये. आपण राहतो त्या घरासाठी एवढं तरी करावं. मी त्या दिवशी घरून काम करत होतो. कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये बसलो होतो.

बाहेर आलो तेव्हा आई स्वयंपाकघराच्या फरशीवर बसलेली, मांडीवर घोडा. नव्या कळशीसारखा झगझगीत. दारात काका उभे.

"बघा!" आई म्हणाली. "शेपटीपर्यंत सगळा झाला."

आता आरडाओरडा होणार, आईला आजच कुठे हलवायचं, असं सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. काका ओरडले नाहीत. ते बूट न काढता दाराजवळच्या स्टुलावर बसले.

"वहिनी," त्यांनी अगदी हळू विचारलं, "रेघ कुठे होती?"

"कसली रेघ?"

"काही नाही. छान झालाय." मग बूट घालूनच ते आपल्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आकडा सांगितला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मीच यंत्रातलं पाणी ओतायला गेलो, तेव्हा ते मागून आले आणि कुंड्यांकडे बघत बोलले. काकूंनीही अशीच दिवाळीची भांडी घासायला घेतली होती. त्याच फरशीवर. भांडी झाल्यावर घोडा घेतला, कारण तांबं म्हटल्यावर त्याला चिंच लावायची, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. काका ऑफिसातून दुपारीच घरी आले आणि दारातून ओरडले. "अडाणी बाई, हात काढ!" असं ओरडले. काकूंनी हात काढला. उठल्या, हात धुतले, फराळाचं केलं. भाऊबीजेला भावाकडे म्हणून पुण्याला गेल्या आणि परत आल्या नाहीत.

"मी फोन करायचा की तिने, ह्यात तीन वर्षं गेली," काका म्हणाले. "चौथ्या वर्षी तिच्या भावाचाच फोन आला. मी पोचलो तेव्हा सगळं झालेलं होतं."

मी उरलेलं पाणी दुसऱ्या कुंडीत ओतलं.

"तिचा हात त्या रेघेशी थांबला होता," ते म्हणाले. "बाकी तिचं ह्या घरात काही नाही. साड्या तिनेच नेल्या. मी म्हणायचो बाद आहे, म्हणजे कुणी हात लावणार नाही."

आईला मी हे सांगितलं, तेव्हा ती रडली आणि मग माझ्यावर संतापली. "किंमत नाही कोण म्हणालं होतं? तू म्हणालास." तिचं बरोबरच होतं. निघताना ती काकांना नमस्कार करायला गेली. ते म्हणाले, "वहिनी, तिलाही शेवटपर्यंत घासायचा होता. तुम्ही तिचं काम पुरं केलंत." त्यांनी हे आईसाठी म्हटलं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

दोनएक महिन्यांनी एका रविवारी ते माझ्या दारात उभे राहिले. हातात घोडा. तो आता सगळा एकसारखा तपकिरी झाला होता.

"तू म्हणाला होतास, हिरवं चढवता येतं."

बनावट माल ज्या माणसाने दाराच्या अडसराला दिला, तो माणूस हे बोलत होता.

"येतं," मी म्हणालो. "मागच्या अर्ध्यावर चढवू. पण कुठपर्यंत?"

तिथेच सगळं अडलं. त्यांना वाटत होतं, रेघ पोटाच्या मध्यावर होती. मग म्हणाले, नाही, पुढच्या पायाला लागून. मला आठवत होती ती पाठीवरून तिरकी उतरणारी, पण शपथ घ्यायची वेळ आली असती तर मी घेतली नसती. दोन वर्षं रोज समोर होती आणि मी जेवत होतो. फोनमध्ये शोधलं. एका फोटोत घोडा सापडला. आईच्या वाढदिवसाला केक कापून तिला व्हिडिओ कॉल केला होता, तेव्हाचा. डाव्या बाजूला घोड्याचं तोंड, उजव्या बाजूला शेपूट आणि मधोमध माझं हसरं डोकं.

मी आईला फोन लावला. तिलाही सांगता येईना. मग ती म्हणाली, "मला दिसत नाहीये रे, पण हात सांगेल. एका हाताने धरतो आपण भांडं, दुसऱ्याने घासतो. त्यांना म्हणावं, काकू बसल्या होत्या तसं बसून बघा."

काकांनी ऐकलं. ते स्वयंपाकघरात गेले आणि सत्तरी ओलांडलेल्या गुडघ्यांना आवरत फरशीवर बसले. हातमोजे काढून ठेवले. घोडा मांडीवर घेतला, डाव्या हाताने मागचे पाय धरले आणि कोरडं फडकं घेऊन तोंडापासून घासायला लागले. मान झाली, आयाळ झाली. मग ते थांबले.

"असं नाही," ते म्हणाले. "तू दारात जा."

मी गेलो.

"आता ओरड."

"काय ओरडू?"

"तुला माहीत आहे."

"काका, मला नाही जमणार."

"जमव. माझ्यासाठी जमव."

ते पुन्हा घासायला लागले. खाली मान घालून, मन लावून. डोक्यावरच्या टकलावर दुपारचं ऊन पडलं होतं. बाहेर लाकडी माणूस करकरत होता. मी दारात उभा राहिलो आणि त्यांच्या हाताची येरझार बघत राहिलो. शेवटी मी म्हणालो. ओरडलो नाही, ते शक्यच नव्हतं. जेमतेम ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "अडाणी बाई, हात काढ."

तरी ते दचकले. हात जागीच थांबला.

"असं वाटलं होय तिला," ते म्हणाले. त्यांनी हात काढण्याआधी मी जवळ जाऊन वाकलो आणि बोटांच्या कडेकडेने चिकटपट्टी लावली.

अमोनियाच्या वाफेच्या बंद पेटीत हिरवं चढायला बारा दिवस लागले. मी पेटी उघडली तेव्हा काकांनी टॉर्च लावून घोडा या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासला. मग म्हणाले, "शुद्ध बनावट आहे." आणि तो फळीवर नेऊन ठेवला.

त्यानंतर मी तिथे आणखी सात महिने होतो. रोज सकाळी ते मला आकडा सांगत, आणि सांगताना त्यांचा हात, हातमोजा न घालता, घोड्याच्या पोटावर त्या रेघेशी जाई. रोज त्याच जागी. मी निघालो तेव्हा तिथे तांबं थोडं उजळायला लागलं होतं. आतापर्यंत त्यांच्या अंगठ्याएवढी झीज झाली असेल, आणि ती मात्र खरी आहे.